वाटा, पोटगी आणि पालकत्व : अपंगविषयक कायदे आणि मुळशी तालुक्यातील शेतकरी कुटुंब

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अपंग व्यक्तींसंबंधीच्या कायद्यांचा इतिहास लिहिताना बहुतेक अभ्यासक १९९५ च्या अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग) अधिनियमापासून आरंभ करतात व २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमापाशी येऊन थांबतात. शासकीय नोकरी, शाळा-महाविद्यालयातील प्रवेश, इमारतींचे उतरते मार्ग, प्रमाणपत्र आणि त्यावरील टक्केवारी हे विषय त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी असतात. नागर मध्यमवर्गाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु ज्या कुटुंबाची उपजीविका जमिनीवर आहे, त्याच्यापुढील प्रश्न वेगळे व बरेच जुने आहेत. जन्मतः अंध असलेल्या भावाला जमिनीत वाटा आहे काय? असल्यास तो कोणी कसायचा? बुद्धीने मंद असलेल्या बहिणीच्या नावावरील हिश्श्याची विक्री कोणाच्या सहीने होते? आईवडिलांच्या पश्चात तिला सांभाळायचे कोणी, आणि सांभाळणाऱ्याने त्या हिश्श्याचा हिशेब कोणाला द्यायचा?

या प्रश्नांची उत्तरे अपंगविषयक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांत क्वचितच सापडतात. ती वारसा कायदा, कुळकायदा, भूसंपादन कायदा, वेडसरपणाविषयीचा कायदा आणि नोंदणी कायदा यांच्या कलमांत विखुरलेली आहेत. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा प्रदेश होय. शंभर वर्षांच्या अवधीत येथील जमीन प्रथम धरणाखाली गेली, नंतर कुळांकडे आली आणि अखेरीस माहिती तंत्रज्ञानाच्या वसाहतीमुळे व शहराच्या विस्तारामुळे अतोनात महाग झाली. या प्रत्येक स्थित्यंतरात कायद्याने अपंग वारसाचा विचार कसा केला, किंवा केला नाही, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखात ‘अपंग’, ‘मतिमंद’, ‘वेडसर’ हे शब्द त्या त्या काळच्या कायद्याच्या व व्यवहाराच्या भाषेप्रमाणे वापरले आहेत. ‘दिव्यांग’ हा शब्द शासकीय व्यवहारात २०१५ नंतर रूढ झाला. तो सन्मानदर्शक आहे असे मानणारे आहेत, तसेच त्याला आक्षेप घेणारे अपंग कार्यकर्तेही आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

धर्मशास्त्राचा वारसा : अन्न आहे, अंश नाही

हिंदू कुटुंबातील अपंग सदस्याच्या हक्काविषयी ब्रिटिश न्यायालयांनी जो कायदा लागू केला, त्याचा आधार मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती आणि त्यांवरील टीकाग्रंथ हा होता. पुणे प्रांतात विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख हे दोन्ही ग्रंथ प्रमाण मानले जात. जन्मांध, जन्मबधिर, मुका, पंगू, वेडा, जड आणि असाध्य रोगाने ग्रस्त यांना दायात अंश नाही, परंतु त्यांचे भरणपोषण करणे हे वाटा घेणाऱ्यांचे कर्तव्य आहे, असा या परंपरेचा सर्वसाधारण निर्णय आहे. अशा व्यक्तीचा पुत्र स्वतः निर्दोष असेल तर त्याला वाटा मिळे. मुलींचा विवाहापर्यंत आणि निपुत्रिक पत्नीचा तिच्या सदाचरणाच्या अटीवर सांभाळ करावयाचा होता.

ही व्यवस्था केवळ क्रूर होती असे म्हणून तिची बोळवण करणे इतिहासाला धरून होणार नाही. मिताक्षरेने या अपात्रतेला मर्यादा घातल्या होत्या. दोष वाटणीपूर्वी असला तरच अपात्रता येते. वाटणी झाल्यावर उद्भवलेल्या दोषाने मिळालेला वाटा परत जात नाही. औषधोपचाराने दोष दूर झाला तर वाटणी होऊन गेलेली असली तरी अंश मिळतो, असे तिचे म्हणणे आहे. इंग्रज न्यायाधीशांनीही अंधत्व व बधिरत्व जन्मजात व असाध्य असल्याचा पुरावा मागून आणि कुष्ठरोग उग्र स्वरूपाचा असल्याखेरीज अपात्रता न मानून हे क्षेत्र काहीसे आकुंचित केले. तथापि मूळ विचार कायम राहिला. अपंग सदस्य हा कुटुंबाचा पोष्य होता, भागीदार नव्हता. त्याला भाकर मागता येई, वाटणी मागता येत नसे. पोष्य माणसाला सांभाळणाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागते. भागीदाराच्या मर्जीवर, निदान काही प्रमाणात, इतरांना राहावे लागते. पुढील सर्व कायद्यांचा इतिहास या एका भेदाभोवती फिरतो.

मुळशीचे धरण आणि १९२८ चा कायदा

मुळशी तेव्हा हवेली तालुक्याचा पेटा होता. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रहास आरंभ झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांची नावे त्या लढ्याशी निगडित आहेत. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासाने या लढ्यातील सावकार-जमीनदार आणि मावळे शेतकरी यांच्या हितसंबंधांतील अंतर स्पष्ट केले आहे. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला घेऊन बाजूला होणे शक्य होते. जे केवळ जमीन कसत होते त्यांच्यापाशी सोडण्यासाठी नाव नव्हते, गाव मात्र होते.

या विश्लेषणाला आणखी एक पदर जोडता येतो. भूसंपादन कायद्याने मोबदला ‘हितसंबंधी व्यक्तीं’ना देऊ केला होता. अज्ञानांच्या वतीने पालकाने आणि वेडसर व्यक्तींच्या वतीने त्यांच्या व्यवस्थापकाने दावा करावा अशी तरतूदही त्यात होती. परंतु ही तरतूद उपयोगी पडण्यासाठी त्या व्यक्तीला मुळात वाटा असावा लागे. १९२१ साली लागू असलेल्या हिंदू कायद्यानुसार जन्मांध वा जन्मजात जड असलेल्या भावाला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत अंश नव्हता. त्याचा पोटगीचा हक्क जमिनीच्या उत्पन्नातून भागत असे. जमीन जाऊन तिचे रोख रकमेत रूपांतर झाल्यावर त्या पोटगीचे काय होणार, याचे उत्तर रक्कम हाती आलेल्या भावांच्या विवेकावर अवलंबून राहिले. भाताचे खाचर असते तोवर घरातल्या आंधळ्या काकाच्या ताटात भात पडतो. रोख रक्कम मात्र खर्च होऊन जाते. सत्याग्रहाच्या साहित्यात विस्थापितांच्या हलाखीची वर्णने आहेत, पण कुटुंबांतर्गत अपात्र ठरलेल्यांचा स्वतंत्र विचार त्यात नाही. तो त्या काळच्या कोणाच्याच मनात नव्हता, हे ध्यानात घ्यावे लागते.

धरण १९२७ च्या सुमारास पूर्ण झाले. हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियम २० सप्टेंबर १९२८ रोजी अमलात आला. जन्मापासून वेडसर किंवा जड असलेली व्यक्ती वगळता अन्य कोणालाही केवळ रोग, व्यंग अथवा शारीरिक-मानसिक दोष यांमुळे वारसा हक्कातून वा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील वाट्यातून वगळता येणार नाही, अशी या छोटेखानी कायद्याची मुख्य तरतूद होती. अपंगांच्या हक्कांच्या भारतीय इतिहासात हा टप्पा अत्यंत महत्त्वाचा असूनही पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख अभावानेच आढळतो. अंध, बधिर, पंगू, कुष्ठरोगी हे सारे त्या दिवशी पोष्याचे भागीदार झाले.

मात्र कायद्याने स्वतःच दोन कुंपणे घातली. कायदा अमलात येण्यापूर्वी प्राप्त झालेल्या हक्कांना त्याने हात लावला नाही. मुळशी खोऱ्यात ज्यांचे मोबदले त्याआधीच दिले-घेतले गेले होते, त्यांच्या कुटुंबांतील अपंगांना या कायद्याचा उपयोग नव्हता. दुसरे कुंपण असे की, धार्मिक पद, सेवा किंवा देवस्थानाचे व्यवस्थापन यांवर कोणाला नवा हक्क मिळाला नाही. घरच्या जमिनीत पांगळ्या भावाला वाटा मिळाला, देवळाच्या पूजेअर्चेत मिळाला नाही.

जन्मजात जडत्व अथवा वेड असलेल्यांना मात्र आणखी २८ वर्षे थांबावे लागले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २८ ने रोग, दोष वा व्यंग या कारणावरून येणारी अपात्रता सरसकट रद्द केली. येथेही एक अपवाद मुळशीच्या संदर्भात नोंदवला पाहिजे. हा अधिनियम कलम २(२) अन्वये अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तालुक्यातील कातकरी व महादेव कोळी कुटुंबांत वारसा रूढीने ठरतो, आणि रूढीला कलम २८ नाही.

कुळकायदा : अपंगत्व ‘संपण्याची’ प्रतीक्षा

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ हा राज्याचा कायदा. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी कूळ हे जमिनीचे मालक मानले गेले. विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासात याच्या तोडीचा दुसरा कायदा नाही. या कायद्याने अपंग व्यक्तीचा विचार एका चमत्कारिक त्रयीत केला : विधवा, अज्ञान मूल आणि शारीरिक वा मानसिक दौर्बल्य असलेली व्यक्ती. लष्करातील सैनिक हा या यादीतला चौथा.

या चौघांना सवलत अशी होती की, त्यांनी नोकरांकरवी, मजुरांकरवी किंवा कुळांकरवी जमीन कसली तरी ती ‘जातीने कसली’ असे मानले जाई. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाला कायद्याने दिलेली ही मुरड म्हणजे अंध वा पंगू जमीनधारकाला मिळालेले मोठेच संरक्षण होते. जमीनमालक अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क कलम ३२-फ अन्वये १ एप्रिल १९५७ ला लागू न होता पुढे ढकलला जाई. कूळ स्वतः अपंग असेल तर त्यालाही खरेदीसाठी मुदत होती.

अडचण त्या मुदतीच्या मोजमापात होती. अज्ञान मूल १८ वर्षांचे होते. सैनिक सेवेतून निवृत्त होतो. विधवेच्या बाबतीत तिचा हितसंबंध संपल्याची तारीख सांगता येते. अपंगाच्या बाबतीत कायद्याने ‘दौर्बल्य संपल्यापासून एक वर्ष’ असे म्हटले. जन्मांध माणसाचे दौर्बल्य संपावे कसे? याचा अर्थ व्यवहारात एवढाच निघतो की, ते त्याच्या मृत्यूबरोबर संपते. तोपर्यंत त्याचे कूळ मालक होत नाही, आणि तो स्वतः कूळ असेल तर तोही मालक होत नाही. संरक्षण आणि टांगणी ही एकाच कलमाची दोन रूपे झाली. अपंगत्व ही आजारपणासारखी तात्पुरती अवस्था आहे, तिच्यातून माणूस बरा होऊन कामाला लागतो, हे गृहीतक या शब्दयोजनेमागे आहे. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांची सहानुभूती खरी होती. ज्याच्याविषयी ती होती त्याचे आयुष्य त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते.

एकत्र कुटुंबासंबंधीची अट तर याहून परिणामकारक ठरली. अपंग मालक एकत्र कुटुंबाचा सदस्य असेल आणि त्या कुटुंबातील एक जरी सदस्य या वर्गांबाहेरचा असेल, तर ही सवलत लागू होत नसे. अपवाद एवढाच की, ३१ मार्च १९५८ पूर्वी अपंग सदस्याचा हिस्सा प्रत्यक्ष मोजणी करून सरसनिरस वेगळा काढलेला असावा. ही अट घालण्यामागचे कारण उघड आहे. अन्यथा प्रत्येक जमीनदाराने घरातल्या पांगळ्या पुतण्याचे नाव पुढे केले असते. तरीही तिचा एक परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. ज्याला तीस वर्षांपूर्वीपर्यंत वाटा मागण्याचा हक्कच नव्हता, त्या अपंग भावाचा वाटा वेगळा काढण्यात भावांचा स्वार्थ प्रथमच निर्माण झाला. वाटणी कागदावर झाली तरी तो त्याच घरात, त्याच ओटीवर राहत असणार, आणि नावावर झालेल्या जमिनीचा त्याला पत्ताही नसणार, हा तर्क करण्यास जागा आहे. गावोगावच्या फेरफार नोंदींची १९५६ ते १९५८ या काळापुरती तपासणी झाल्यास त्याला पुरावा मिळू शकेल. तालुक्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे.

व्यवस्थापक, वारस आणि रिकामी सात वर्षे

वाटा मिळणे ही एक गोष्ट आणि तो सांभाळणे ही दुसरी. शारीरिक अपंगत्व असलेली व्यक्ती स्वतः करार करू शकते. मानसिक आजार अथवा बौद्धिक मंदत्व असलेल्या व्यक्तीचा करार मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या दृष्टीने अग्राह्य ठरण्याचा संभव असतो. १९१२ च्या भारतीय वेडसरपणा अधिनियमाने यासाठी जिल्हा न्यायालयाकडे चौकशी आणि मिळकतीच्या व्यवस्थापकाची नेमणूक अशी पद्धत घातली. व्यवस्थापकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय मिळकत विकता वा गहाण ठेवता येत नसे, पाच वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा पट्टाही देता येत नसे. वेडसर व्यक्तीच्या शरीराचा पालक म्हणून तिच्या कायदेशीर वारसाला, विशेष कारण नमूद केल्याखेरीज, नेमू नये असाही या कायद्याचा रोख होता. ज्याला तिच्या मृत्यूने लाभ होणार त्याच्याच हाती तिचा जीव देऊ नये, हा त्यातला विचार रुक्ष असला तरी अनुभवाचा होता.

ही पद्धत जमीनदार घराण्यांसाठी होती. मावळातला चार खाचरांचा धनी भावासाठी व्यवस्थापक नेमून घ्यायला पुण्याच्या जिल्हा न्यायालयात जाणे दुर्मीळच. गावात त्याची गरजही भासत नसे. सातबारावर कर्त्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी तीन अक्षरे असत, आणि त्या तीन अक्षरांखाली घरातल्या सर्वांचे, शहाण्यांचे तसेच वेड्यांचे, हक्क सामावून जात. अज्ञान मुलांसाठी ‘अ.पा.क.’ अशी पालकाची नोंद होई. जमीन विकण्याचा प्रसंग फारसा येत नव्हता, तोवर हे चालून गेले.

१९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने १९१२ चा कायदा रद्द केला. तो १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. मानसिक आजाराच्या व्याख्येतून त्याने मतिमंदत्व वगळले. वैद्यकीय दृष्टीने ते योग्यच होते. मतिमंदत्व हा आजार नव्हे. परंतु मतिमंद प्रौढ व्यक्तीसाठी पालक वा व्यवस्थापक नेमण्याचा जो एकमेव, कितीही गैरसोयीचा असला तरी, मार्ग होता तो त्यामुळे बंद झाला. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम अज्ञानांपुरता. अठरा पूर्ण झालेली मतिमंद मुलगी कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र प्रौढ स्त्री झाली, आणि तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार तिच्या आईलाही राहिला नाही. ३० डिसेंबर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमापर्यंत ही पोकळी टिकली.

त्या रिकाम्या वर्षांतच १९९४ हे साल येते. पुणे जिल्ह्याच्या संदर्भात ते विशेष लक्षात घ्यावे असे आहे. फेब्रुवारीत शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय निवासी संस्थेतील दहाहून अधिक मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळात स्वच्छता राखणे कठीण जाते, हे कारण देण्यात आले. स्त्री संघटना, आरोग्य चळवळ आणि अपंगांच्या संघटना यांनी तीव्र विरोध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबवण्यात आल्या. नैतिक प्रश्नाची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. कायद्याचा प्रश्न मात्र बाजूला राहिला, तो असा की या मुलींपैकी ज्या सज्ञान होत्या त्यांच्या वतीने संमती देण्याचा अधिकार त्या दिवशी नेमका कोणाला होता? कायद्याने त्याचे उत्तर दिलेले नव्हते. ज्या संस्थेत त्या राहत होत्या तिनेच ते उत्तर दिले.

त्याच वर्षी मुळशीच्या कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज ही प्रौढ मतिमंद व्यक्तींसाठीची निवासी संस्था सुरू झाली. तेथे राहणाऱ्यांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. रुग्णालय वा वसतिगृह यांपेक्षा घर या कल्पनेच्या जवळ जाणारी रचना आणि भोवतालच्या खेड्यांशी ग्रामविकासाच्या कामातून जोडलेले नाते ही तिची वैशिष्ट्ये. पालकांच्या पश्चात मुलांचे काय, या चिंतेला मिळालेले ते एक उत्तर होते. साहजिकच ते थोड्या जणांनाच लाभू शकले.

आणि २२ जून १९९४ रोजी हिंदू उत्तराधिकार (महाराष्ट्र सुधारणा) अधिनियम अमलात आला. मुलगी जन्मतः सहदायाद झाली. मात्र त्या दिवसापूर्वी विवाह झालेल्या मुलींना हा लाभ नव्हता. केंद्रीय कायद्यात तशी सुधारणा होण्यास २००५ साल उजाडावे लागले. या राज्य कायद्याची चर्चा स्त्रीहक्काच्या अंगाने झाली आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की, ज्या मुलींचे विवाह झाले नव्हते व बहुधा होणारही नव्हते, त्या अंध, पंगू, मूकबधिर आणि मतिमंद मुली भावांच्या बरोबरीने वडिलोपार्जित जमिनीच्या हिस्सेदार झाल्या. १९२८ च्या कायद्याने अपंग पुत्राला जे दिले ते अपंग कन्येला ६६ वर्षांनी मिळाले. विधिमंडळाच्या मनात हा हेतू असण्याचा संभव कमी. कायद्यांचे परिणाम हेतूची वाट पाहत नाहीत.

जमिनीचा भाव आणि नवे पालकत्व

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडी, माण, मारुंजी परिसरात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्कची वाढ झाली. तालुक्याच्या पश्चिमेस लवासा प्रकल्प आला. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. ज्या जमिनीची किंमत भाताच्या पोत्यांत मोजली जाई ती चौरस फुटांत मोजली जाऊ लागली. खरेदीदाराच्या वकिलाला निर्वेध हक्क हवा असतो, त्यामुळे सातबारावरील प्रत्येक नाव व प्रत्येक सही मोलाची झाली. कर्त्याच्या नावाखाली दडलेला अपंग वारस पहिल्यांदाच व्यवहाराला अत्यावश्यक ठरला आणि म्हणूनच पहिल्यांदाच अडचणीचाही. हक्कसोड पत्र हा त्यावरचा रूढ उपाय. आपला हिस्सा विनामोबदला भावाच्या नावे सोडून देणारा हा दस्त अपंग भाऊ-बहिणींकडून करून घेतला गेला, तर १९२८, १९५६ व १९९४ या तिन्ही कायद्यांनी दिलेले एका सहीने, किंवा एका अंगठ्याने, परत जाते. त्या बदल्यात त्यांना मिळते ती पोटगी, तीही तोंडी. धर्मशास्त्राची जुनी व्यवस्था अशा रीतीने मुद्रांक कागदावर पुन्हा अवतरते.

राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालकत्वाची सुलभ पद्धत आणली. न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीवर नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पाल्याच्या मिळकतीची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करण्याचे बंधन पालकावर आहे. १९१२ च्या कायद्याने वारसाकडे संशयाने पाहिले होते. १९९९ च्या कायद्याने आईवडिलांकडे विश्वासाने पाहिले. आईवडिलांबाबत तो विश्वास सार्थ आहे. त्यांच्यानंतर अर्ज घेऊन येणारा भाऊ हा पालकही असतो आणि सहहिस्सेदारही, आणि तेथे जुन्या कायद्याची ती रुक्ष सावधगिरी आठवल्याशिवाय राहत नाही.

राज्याच्या कल्याणकारी योजनांचा उल्लेख येथे थोडक्यात पुरे. २ ऑक्टोबर १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना तहसील पातळीवर चालते. मुळशीच्या अपंग अर्जदाराला त्यासाठी पौडला जावे लागते. अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये आणि २०२५ मध्ये अपंगांसाठी २,५०० रुपये करण्यात आले. योजनेच्या नावातील ‘निराधार’ हा शब्द बोलका आहे. पात्रता कौटुंबिक उत्पन्नावर ठरते. ज्याच्या कुटुंबाकडे महागडी जमीन आहे तो कागदोपत्री निराधार नसतो, त्या जमिनीतले त्याला काही मिळत नसले तरी. जो गाव सोडून शहरात भीक मागू लागतो त्याच्यासाठी वेगळाच कायदा होता. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ ने भिक्षेसाठी व्यंग वा जखम दाखवणे हा भिक्षेचाच प्रकार ठरवला, आणि भिक्षेकऱ्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्यांनाही संस्थेत डांबण्याचा अधिकार न्यायालयास दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील बहुतेक दंडात्मक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात जन्मलेल्या कायद्याचा तो पराभव महाराष्ट्राबाहेर झाला.

२०१६ चा अधिनियम आणि दुय्यम निबंधकाची खिडकी

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्कविषयक कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याच्याशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, नोकरीतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले, आणि याच गोष्टी सर्वत्र सांगितल्या गेल्या. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने त्यातील १३ व १४ ही कलमे अधिक मूलगामी आहेत. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मिळकत धारण करण्याचा, वारशाने घेण्याचा व आपले आर्थिक व्यवहार स्वतः नियंत्रित करण्याचा हक्क आहे. तिला निर्णय घेण्यास मदत करणाऱ्या व्यक्तीचा एखाद्या मिळकतीच्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध गुंतला असेल, तर त्या व्यवहारापुरते तिने बाजूला राहावे. सहहिस्सेदार भावाचा प्रश्न कायद्याने येथे प्रथमच थेट हाताळला. पालकत्व ‘मर्यादित’ झाले. पालकाने तिच्या जागी निर्णय न घेता तिच्यासह घ्यावा, असा त्याचा अर्थ. कलम ३७ ने शेतजमीन व घरे वाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण ठेवले, तेही अपंग स्त्रियांना प्राधान्य देऊन.

परंतु १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम रद्द झाला नाही. त्याचे पालकत्व आणि २०१६ च्या अधिनियमाचे मर्यादित पालकत्व यांचे स्वरूप भिन्न असूनही दोन्ही कायदे शेजारी शेजारी उभे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने १९८७ चा कायदा रद्द करताना मिळकतीच्या व्यवस्थापकाविषयीचे प्रकरणच गाळले. त्यामुळे तीव्र मानसिक आजार असलेल्या वारसाच्या कुटुंबाला आता २०१६ च्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालयाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जावे लागते. दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखालील आपल्या अधिकारात पालक नेमले आहेत. पौड खोऱ्यातील कुटुंबासाठी हा मार्ग पुण्याहूनही दूरचा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अपंगांची संख्या २९ लाख ६३ हजार नोंदली गेली. २००१ मध्ये ती १५ लाख ७० हजारांच्या घरात होती. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला. महसूल आणि नोंदणी ही खाती अर्थातच त्याच्या अखत्यारीत नाहीत, आणि अपंग वारसाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो त्याच दोन खात्यांशी. वारसनोंद तलाठ्याच्या दप्तरात होते आणि हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकासमोर. निबंधकाला मार्गदर्शन करणारा नोंदणी अधिनियम १९०८ चा आहे. त्याच्या कलम ३५ अन्वये, दस्त करून देणारी व्यक्ती अज्ञान, जड वा वेडसर ‘दिसत’ असेल तर नोंदणी नाकारावी. हे दिसणे ठरवण्यासाठी त्याच्यापाशी खिडकीतली काही मिनिटे असतात. ज्याचे मंदत्व चेहऱ्यावर दिसते त्याचा, सर्व समजून उमजून केलेला, दस्तही तेथे अडू शकतो. ज्याचे दिसत नाही त्याचा, काहीही न समजता केलेला, नोंदला जातो. २०१६ च्या अधिनियमातील कलम १३ त्या खिडकीपर्यंत पोहोचवण्यासाठी नोंदणीचे नियम बदलावे लागतील, आणि हक्कसोड पत्र करून देणारा सहहिस्सेदार अपंग आहे काय, असल्यास त्याला साहाय्य कोणी केले व साहाय्य करणाऱ्यालाच तो हिस्सा मिळत आहे काय, एवढी तीन विधाने दस्ताच्या नमुन्यात घालावी लागतील.